दुसऱ्यांदा लिहिलेलं काढणाऱ्या शैलाताई

आमच्या ऑफिसात कोणी नवीन माणूस आला की थोड्या वेळानं विचारतोच, "तुम्ही नेमकं करता काय?" आम्ही सांगतो. त्याला ते पटत नाही. मग आमच्यातलं कोणीतरी एक किस्सा सांगतं, त्यातून दुसरा निघतो, आणि टेबलावरचा चहा गार होऊन जातो. आता आमचं कामच मुळी दोनदा सांगितलेलं काढून टाकायचं, आणि हे किस्से मात्र आम्ही किती जणांना किती वेळा ऐकवले याचा काही हिशेब नाही! शैलाताई रजेवर असल्या की जास्तच ऐकवतो, कारण बहुतेक किस्से त्यांचेच आहेत.

आधी काम सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. कॉम्प्युटर असो, मोबाईल असो की कापडाच्या गिरणीतलं कंट्रोल पॅनल असो, त्याच्या तळाशी बसून यंत्र आणि प्रोग्रॅम यांची गाठ घालून देणारा जो भाग असतो, त्याला कर्नल म्हणतात. लिनक्सचा कर्नल जगभरातले लोक मिळून लिहितात आणि त्याची माहितीची पानंही तेच लिहितात. वर्षानुवर्षं लिहीत आल्यामुळे एकच गोष्ट तीन-चार ठिकाणी लिहिली जाते. पुढे एक जागा दुरुस्त होते, बाकीच्या तशाच राहतात. मग वाचणारा कोणत्या पानावर जाऊन पडतो, ते त्याचं नशीब.

आम्ही अशी जुळी पानं शोधतो. एक नीट करून ठेवतो, बाकीची काढतो आणि तो बदल, ज्याला पॅच म्हणतात, ईमेलनं त्या त्या भागाच्या मेंटेनरकडे पाठवतो. मेंटेनर म्हणजे तिकडचा राखणदार. त्यानं हो म्हटलं तर बदल आत जातो, नाही म्हटलं तर आपण परत मान खाली घालून बसायचं.

ऑफिस अमरावतीला, कॅम्प भागात. माणसं तीन. शैलाताई आमच्या प्रमुख, अकोल्याच्या. तिथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात बरीच वर्षं शिकवून मग इकडे आल्या. रोज रेल्वेनं येतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. दुसरा गजानन गावंडे, म्हणजे गजू, नांदगाव खंडेश्वरचा, घरी शेती. तिसरा मी. माझे वडील वकील आहेत आणि मलाही वाद घालायची सवय आहे, म्हणून ताई मला "वकीलसाहेब" म्हणतात.

*

माझा पहिला दिवस. शैलाताईंनी दोन पानं दिली आणि म्हणाल्या, "यांत फरक काय ते सांगा."

मी हुशारी केली. दोन फाइलींतला फरक दाखवणारं टूल चालवलं. स्क्रीन लालहिरवी झाली. मी म्हणालो, "ताई, काहीच सारखं नाही. सगळं वेगळं आहे."

त्यांनी पानं हातात घेतली, शांतपणे वाचली आणि परत माझ्याकडे दिली. "टूलनं अक्षरं पाहिली. तुम्ही अर्थ पाहा."

दोन्ही पानांवर एकच गोष्ट लिहिलेली होती. फक्त लिहिणारे दोघे वेगळे होते.

त्या दिवसापासून ताईंची पद्धत आम्हाला लागली. दोन पानं सारखी वाटली की दोघांनी मोठ्यानं, एकाच वेळी वाचायची. शेजारच्या ऑफिसातल्या लोकांना सुरुवातीला वाटलं, इथे काहीतरी पारायण चालतं.

एकदा असंच गजू आणि मी वाचत होतो. एका फंक्शनबद्दलचा, म्हणजे कोडमधल्या एक ठरावीक काम करणाऱ्या तुकड्याबद्दलचा, परिच्छेद होता. फंक्शन वापरताना आधी कुलूप लावलेलं असावं की नसावं, असा तो विषय. कर्नलमध्ये कुलूप म्हणजे एका वेळी एकानंच त्या माहितीला हात लावावा म्हणून केलेली सोय. आमचे आवाज छान जुळले होते. ताई बाजूला बसून डब्यातली भाकरी खात होत्या.

गजूच्या तोंडून निघालं "मस्ट नॉट", आणि माझ्या तोंडून नुसतं "मस्ट".

"थांबा," ताई म्हणाल्या.

एक पान सांगत होतं कुलूप लावाच, दुसरं सांगत होतं लावूच नका. यातलं खरं कोणतं? मी माझ्या पानाची बाजू घेतली, गजूनं त्याच्या. चांगलाच वाद झाला. ताईंनी हात धुतले, खुर्ची ओढली आणि प्रत्यक्ष कोडमध्ये शोधायला लागल्या. शोधतायत, शोधतायत. शेवटी आमच्याकडे वळल्या.

"तुम्ही दोघंही बरोबर वाचत होता. पण ज्याच्याबद्दल वाचत होता तो केव्हाच गाव सोडून गेलाय."

ते फंक्शनच कर्नलमधून काढून टाकलेलं होतं.

*

गजूसाठी मुलगी पाहायला दर्यापूरकडच्या एका गावात जायचं होतं. गजूनं हट्ट धरला की ऑफिसातलं कोणीतरी मोठं माणूस सोबत पाहिजे. म्हणून शैलाताई आणि मीही गेलो. पोहे झाले, चहा झाला. मग मुलीच्या मामांनी विषयाला हात घातला.

"नोकरी हाये म्हंता. पन करता काय?"

गजू सरळ माणूस. म्हणाला, "लिहेलं काढून टाकतो."

"कोनी लिहेलं?"

"जगातल्या लोकायनं."

मामांनी पानाचा डबा पुढे ओढला. मग म्हणाले, "शाळेत फळा पुसाले आमाले बी लावे मास्तर. पन त्याले कोनी नोकरी नाही म्हनत."

बैठकीत हसू पसरलं. गजूच्या वडिलांची मान खाली गेली. आता ताई पुढे सरसावल्या. कर्नल म्हणजे काय, माहितीपानं म्हणजे काय, जुनी प्रत राहिली तर काय घोटाळा होतो, सगळं त्यांनी कॉलेजात शिकवल्यासारखं नीट सांगितलं. मंडळी आदरानं माना डोलावत होती. कोणाला काही कळत नव्हतं.

तेवढ्यात मुलगी बोलली. स्वाती तिचं नाव, अकोल्याला शेतीचं शिक्षण झालेलं.

"म्हणजे विरळणी," ती म्हणाली.

वऱ्हाडात कपाशी लावताना एका जागी दोन बिया टाकतात. दोन्ही उगवल्या तर एक रोप उपटतात, नाहीतर दोन्ही खुरटतात. त्याला विरळणी म्हणतात.

"मंग असं सांगा ना," मामा म्हणाले, आणि गजूला आग्रहानं अजून पोहे वाढले.

पण स्वातीचं संपलं नव्हतं. तिनं गजूला विचारलं, "दोन्ही रोपं सारखीच चांगली असली त उपटता कोणतं?"

गजूनं तिथल्या तिथे लग्नाला होकार दिला. परतताना गाडीत मी त्याला विचारलं, "लगेच हो म्हणून टाकलंस? विचार तरी करायचा."

"भाऊ," तो म्हणाला, "तिच्या प्रश्नाचं उत्तर नोतं माह्यापाशी. मंग दुसरं काय म्हनू?"

*

नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीतला हा प्रसंग. तिथल्या एका कापड कारखान्यात तायडे नावाचा तरुण इंजिनिअर होता. त्याच्या यंत्राचं कंट्रोल पॅनल सारखं बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं. त्यानं वायरिंग बदललं, पॉवर सप्लाय बदलला. काही उपयोग नाही. काम थांबलेलं, वरचे साहेब चिडलेले. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की हे दुरुस्त झालं नाही तर तायडेनं दुसरीकडे पाहावं. कोणाकडून तरी आमचं नाव ऐकून तो पॅनल पिशवीत घालून आला. चेहरा उतरलेला. पाणीसुद्धा घेतलं नाही त्यानं.

ताईंनी त्याला शेजारी बसवलं. "शेवटचा बदल कोणता केला होता?"

"वॉचडॉगची वेळ बदलली होती, मॅडम."

वॉचडॉग म्हणजे राखण करणारा. प्रोग्रॅमनं ठरल्या वेळात "मी जागा आहे" असं कळवलं नाही, तर तो यंत्र बंद करून नव्यानं सुरू करतो.

"किती ठेवली वेळ?"

"एक. एक मिनिट."

"मिनिट कोणी सांगितलं?"

तायडेनं फोनवर पान उघडून दाखवलं. कर्नलचंच माहितीपान होतं ते, आणि त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, आकडा मिनिटांत द्यावा. ताईंनी आमच्या स्क्रीनवर दुसरं पान उघडलं. त्याच वॉचडॉगचं. तिथे लिहिलं होतं, सेकंदांत द्यावा. जुन्या काळी मिनिटं होती, पुढे सेकंद झाले, एक पान दुरुस्त झालं आणि त्याची जुनी जुळी बहीण तशीच राहिली. तायडेचा प्रोग्रॅम बिचारा थोड्या थोड्या वेळानं हजेरी देत होता, आणि वॉचडॉग सेकंद झाला की त्याला हाकलत होता.

आकडा बदलला, पॅनल सुरळीत झालं. तायडेनं आता स्वतःहून पाणी मागितलं. मग म्हणाला, "मॅडम, मी वाचूनच केलं होतं. साहेबांना तेच सांगत होतो."

ताईंनी त्याच्याकडून साहेबांचा नंबर घेतला आणि तिथल्या तिथे फोन लावला. सगळं समजावलं. तिकडून काहीतरी कुरकुर झाली असावी, कारण ताईंचा आवाज जरा चढला.

"साहेब, त्यानं डॉक्युमेंट वाचलं ही त्याची चूक धरू नका. न वाचणारे कमी आहेत का तुमच्याकडे?"

आम्ही ते जुनं पान काढायचा बदल पाठवला. चूक कोणी लक्षात आणून दिली, त्याचं नाव अशा बदलात लिहायची पद्धत आहे. ताईंनी तायडेचं नाव घातलं. बदल मंजूर झाला. कर्नलच्या इतिहासात आता तायडेचं नाव आहे आणि ते कोणाला पुसता येणार नाही.

काही दिवसांनी तो पेढे घेऊन आला. आम्ही विचारलं, "साहेब काय म्हणाले?"

"त्यांनी विचारलं, माझं नाव नाही का येत त्यात."

*

गजूच्या बोलण्याचा एक किस्सा पुण्याच्या लोकांना सांगू नये असं आमचं ठरलं आहे, पण सांगतोच.

पुण्याच्या एका कंपनीतल्या मॅनेजरनी कर्नलसाठी एक पान लिहिलं होतं. तेच सगळं दुसऱ्या एका पानावर आधीपासून होतं, आणि जास्त चांगलं होतं. आम्ही त्यांचं पान काढायचा बदल पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. तो नेमका गजूनं उचलला.

"आमचं पान काढण्यामागची भूमिका समजू शकेल का?"

गजू म्हणाला, "चांगलं नोतं ते."

वर गजूनं खुलासाही केला.

"तेच तिकडं लिहेलं हाये ना. तुमी काहून परत लिहून राहिले?"

शैलाताई धावत आल्या आणि त्यांनी फोन हिसकावला. मग त्यांनी किती गोड समजावलं म्हणून सांगू. तुमच्या पानाची मांडणी किती विचारपूर्वक आहे, भाषा किती नेमकी, पण वाचकाची सोय, एकाच ठिकाणी माहिती असण्याचे फायदे, तुमच्यासारख्या जाणकारांचं सहकार्य. माझा एक कप चहा पिऊन झाला, दुसरा मागवला.

शेवटी पलीकडून विचारणा झाली. फोन स्पीकरवर होता.

"म्हणजे आमचं पान तितकंसं चांगलं नव्हतं, असंच ना?"

"हो," ताई म्हणाल्या.

"मग ते त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं होतं की."

ताईंनी फोन ठेवला. गजूकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माझं डुप्लिकेट होतं."

*

अकोल्याच्या एका कॉलेजात ताईंचं भाषण होतं. मे महिन्यातलं अकोला, पंखा गरम हवा फेकतोय. एका विद्यार्थ्यानं ताईंच्या कामाची नोंद पडद्यावर उघडली. लिहिलेल्या ओळी तिथे हिरव्या दिसतात, काढलेल्या लाल. ताईंची नोंद जवळजवळ सगळी लाल.

"मॅडम, तुम्ही भर काय घातली?" त्यानं विचारलं. उद्धटपणा नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

ताई म्हणाल्या, "अकोल्यात राहतोस ना? उन्हाळ्यात खोलीतलं सामान कमी केलं की काय येतं आत?"

"वारा."

"तो मोजून दाखव."

*

ताई काढतातच असं नाही. आम्ही एकदा सेमाडोहला गेलो होतो. जंगलातल्या वाटेवर एक पाटी लागली, प्राण्यांना खायला घालू नये. परत येताना पुन्हा तीच पाटी, जवळजवळ त्याच जागी.

गजू म्हणाला, "ताई, डुप्लिकेट. पाठवू का पॅच?"

ताई थांबल्या. जातानाची पाटी कुठे होती ते पाहून आल्या. येताना तिची नुसती मागची बाजू दिसत होती, कोरी.

"हे डुप्लिकेट नाही," त्या म्हणाल्या. "एक जाणाऱ्यासाठी आहे, एक येणाऱ्यासाठी."

पुढे त्या मागेच रेंगाळत चालल्या. आम्हाला वाटलं, थकल्या असतील. सोमवारी ऑफिसात आल्या आल्या त्यांनी आधी काढलेला एक इशारा पुन्हा जागेवर घातला. डिस्क पुसण्याबद्दलचा तो इशारा होता. जाणकारांच्या पानावर तो होता म्हणून नवशिक्यांच्या पानावरून काढला होता. नवशिके जाणकारांच्या पानावर कशाला जातील? बदलासोबतच्या पत्रात ताईंनी सरळ लिहिलं, "काढण्यात माझी चूक झाली होती."

मेंटेनरनी विचारलं, कशी लक्षात आली? ताईंनी पाटीचा फोटो पाठवला. मराठी पाटी. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण बदल मंजूर झाला.

*

आता हा शेवटचा, आणि हा सांगताना आम्ही घाई करत नाही.

इंटरप्ट नावाचा एक विषय आहे. एखाद्या उपकरणाला काही सांगायचं असलं की ते प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावतं, त्याला इंटरप्ट म्हणतात. यावर दोन पानं होती. एक फार जुनं, पाल्हाळिक, मधेमधे विनोद केलेलं. दुसरं नंतरचं, स्वच्छ, उदाहरणांसकट. इतकं सुरेख की नव्या लोकांना आम्ही तेच वाचायला देत असू. कोणतं ठेवायचं याबद्दल वादच नव्हता. म्हणजे आमच्या दोघांच्या मनात नव्हता. जुनं पान काढायचा बदल आम्ही पाठवला.

मेंटेनरचं उत्तर आलं, "नाही."

कारण काही दिलं नाही. गजूनं बदल सुधारून पुन्हा पाठवला. उत्तर आलं, "हे पान नको."

गजू वैतागला. "काहून नाही, थे त सांग ना बाप्पा!"

हे मेंटेनर वयस्क गृहस्थ, फटकळ म्हणून प्रसिद्ध. त्यांच्याशी वाद घालायला लोक घाबरतात. शैलाताईंनी त्यांना वेगळं, खाजगी पत्र लिहिलं. वाद घातला नाही. एवढंच विचारलं की आमच्या नजरेतून काही सुटतंय का.

उत्तर मोठं आलं. ते जुनं पान त्यांच्या मित्रानं लिहिलं होतं. दोघांनी तरुणपणापासून सोबत काम केलं होतं. मित्र वारला. त्याचं कोडमधलं काम पुढे बदलत गेलं, बदलणारच, पण या पानात तो अजून जसाच्या तसा बोलतो, असं त्यांनी लिहिलं होतं. "तुमचं म्हणणं बरोबर आहे, पान जुनं झालं आहे. पण ते काढायला मी हो म्हणू शकत नाही. दुसऱ्या कोणाला राखणदार करा आणि त्याच्याकडून करून घ्या."

ताईंनी ते आम्हाला वाचून दाखवलं. गजूनं समोरची फाइल बंद केली. मी म्हणालो, "मग राहू द्या दोन्ही पानं."

"आणि तायडेसारखा कोणी चुकीच्या पानावर पडला तर?" ताई म्हणाल्या. "दोन नाही ठेवता येणार."

पुढे बरेच दिवस त्या एकट्याच त्यावर बसल्या. आम्ही मदत विचारली तर नको म्हणाल्या. गाडीतही प्रिंट वाचत येत. मग एक दिवस त्यांनी बदल पाठवला आणि आम्हाला पाहायला दिला.

त्यांनी जुनं पान ठेवलं होतं. जे चुकीचं झालं होतं तेवढंच बदललं होतं. नव्या पानातली उदाहरणं, दुरुस्त्या, सगळं आणून त्यात अशा जागी बसवलं होतं की शिवण दिसू नये. त्या माणसाचं जे वाक्य अजून खरं होतं, त्याला हात लावला नव्हता. विनोदही तसेच होते. एक तर अजिबात हसू न येणारा होता, तोही होता. आणि ते दुसरं, सुरेख पान सबंध काढून टाकलं होतं.

मेंटेनरनी त्याच दिवशी मंजूर केलं. खाली लिहिलं, "धन्यवाद. त्याला आवडलं असतं." त्यांनी कोणाला असं लिहिल्याचं आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

मी खूश होतो. गजूचं मात्र समाधान होईना. ते काढलेलं पान त्याला फार आवडायचं. संध्याकाळ झाली होती, ताई पिशवी भरत होत्या, त्यांच्या गाडीची वेळ झालेली. गजू पत्र उघडून बसला होता.

आमच्या कामात एक रीत आहे. ज्याचं लिखाण काढायचं, त्याला त्या पत्राची एक प्रत पाठवायची. पानावर लेखकाचं नाव नसतं, जुन्या नोंदींत शोधून काढावं लागतं, पण शोधायचं आणि कळवायचं. न कळवता कोणाचं लिहिलेलं काढायचं नाही, हे ताईंनीच आम्हाला शिकवलं होतं.

"ताई," गजू म्हणाला, "ज्याचं पान काढलं त्याले प्रत पाठवाची राहिली वाटते."

"का?"

"यात त मेंटेनर अन् तुमीच. पाठवनाऱ्या बी तुमीच, अन् प्रत बी तुमालेच. दुसरं कोनाचं नावच नाही."

ताईंनी पिशवीची चेन लावली आणि खांद्याला अडकवली.

"राहिली नाही, गजानन," त्या म्हणाल्या. "मिळाली मला."